दुसरी हार्ड डिस्क लावल्यापासून कॉम्प्युटर रांगतोय

प्रेषक: नाना, टिळकनगर, इंदूर
विषय: दुसरी हार्ड डिस्क लावल्यापासून कॉम्प्युटर रांगतोय

मंडळींनो, सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवातल्या जुन्या नाटकांचे व्हिडिओ कुठवर आले, अशी परदेशातल्या आपल्या मंडळींकडून सारखी विचारणा होते आहे. बरेचसे झालेत, पण आता काम अडलं आहे आणि ते माझ्या घरच्या कॉम्प्युटरपायी. म्हणून हे रडगाणं इथे.

माझ्याकडे २४० जीबीची एसएसडी आहे, ८ जीबी रॅम, विंडोज १०. कॅसेटवरून उतरवलेले व्हिडिओ त्यात मावेनात, म्हणून जेलरोडवरून २ टीबीची हार्ड डिस्क आणली. नवीचे भाव ऐकून वापरलेली घेतली. दुकानातल्या पोरानेच पेटी उघडून आत बसवून दिली. तेव्हापासून बटण दाबलं की चहा उकळून, गाळून, पिऊन होतो तरी पडद्यावर ठिपके गोल फिरतच असतात. एकदा सुरू झाला की बरा चालतो, मग मधेच थिजतो. माउसचा बाण फिरतो, पण कशावरही टिचकी मारा, ढिम्म. वर्डमध्ये चार ओळींचं पत्र सेव्ह करायला गेलं तरी तेच. आणि पत्राचा त्या डिस्कशी काही संबंधही नाही. व्हिडिओ कॉपी करताना आधी भराभर जातो, मग आकडा शून्यावर येऊन बसतो. अधूनमधून आतून ‘कट् कट्’ असा आवाज येतो.

दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारून घ्या. त्या डिस्कवर सुमारे ३०० जीबी नाटकं आहेत. मारू का?

नाना

———

प्रेषक: अप्पा, रामबाग

नाना, रॅम वाढवा. १६ करा, उडायला लागेल. नाहीतर सरळ नवा घ्या, विंडोज १० चा सपोर्ट तसाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. रविवारी पोहे-जिलेबीला येताय ना? वर्गणीची पावती पुस्तकं आणा.

अप्पा

———

प्रेषक: पिंकी, स्नेहनगर

नाना, फॉरमॅट मारू नका. विंडोजचं डिस्क तपासणारं ‘चेकडिस्क’ही चालवू नका, विंडोजने आपणहून विचारलं तरी नको. का ते पुढे सांगते.

अप्पाकाका, राग मानू नका, पण इथे रॅमचा दोष दिसत नाही. त्याच ८ जीबीवर डिस्क येण्याआधी सगळं सुरळीत होतं ना? मग जे नवीन घरात आलंय त्याचीच झडती आधी घ्यायची. कॉलेजच्या लॅबमध्ये मी हेच करते आणि दहातल्या नऊ वेळा तिथेच सापडतं.

तर नाना, पहिलं काम. कॉम्प्युटर बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करून पिन काढा, आणि दुसऱ्या डिस्कच्या दोन्ही वायरी उपसा: पातळ डेटाची आणि रुंद विजेची. मग सुरू करा. पूर्वीसारखा झटकन आला तर विंडोज शाबूत आहे, फॉरमॅटचा प्रश्नच मिटला.

मग डिस्क परत जोडा आणि कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्क ० आणि डिस्क १ अशा दोन दिसतील. थिजेल तेव्हा तीन आकडे बघा: ॲक्टिव्ह टाइम, वाचण्या-लिहिण्याचा वेग, आणि सगळ्यात महत्त्वाचा ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम. ७२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत घेते, म्हणजे हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी ४ च्या आसपास. डोकं सरकायचा वेळ धरला तरी एक वाचन १२ ते १५ मिलिसेकंदांत व्हायला हवं. मोठी कॉपी चालू असताना रांग लागते, तेव्हा शंभर-दोनशे दिसलं तर घाबरू नका. पण हजारांत आकडा आणि वेग मात्र शून्याजवळ, असं दिसलं तर डिस्क एकाच जागी पुन्हा पुन्हा वाचायला धडपडते आहे, किंवा तिचं बोलणं वायरीत हरवतंय.

पत्र सेव्ह करताना का थिजतो? ‘सेव्ह’ची खिडकी उघडली की विंडोज साऱ्या ड्राइव्हची हजेरी घेतं. एकाने ‘हजर’ म्हणायला उशीर केला की बाकीचे खोळंबतात. सुरू होतानाही तसंच. त्यात अँटिव्हायरस आणि सर्चची अनुक्रमणिका नव्या डिस्कवर तुटून पडतात, ते वेगळं. ते मात्र एक-दोन दिवसांत आपोआप निवतं.

दोन निरुपद्रवी कारणं आधी बाजूला काढू. विंडोज नेहमीच्या पॉवर प्लॅनमध्ये २० मिनिटं काम नसलेली हार्ड डिस्क झोपवतं. तिला पुन्हा फिरायला पाच-दहा सेकंद लागतात. थिजणं फक्त विसाव्यानंतर आणि एकदाच होत असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये त्या मिनिटांच्या जागी ० करा, म्हणजे ती कधीच झोपणार नाही, विषय संपला. दुसरं, हल्लीच्या काही डिस्कवर जागा वाचवायला पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्याला एसएमआर म्हणतात. त्यात एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही परत लिहावे लागतात, म्हणून मोठी कॉपी आधी धावते आणि मग लंगडते. तुमचं कॉपीचं लक्षण याच्याशी जुळतं, पण एसएमआरमुळे कॉम्प्युटर सुरू व्हायला चहाभर वेळ लागत नाही. आणि ‘कट् कट्’ तर अजिबात नाही.

म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर उतरवा. डिस्क १ निवडून ०५, ०९, सी५, सी६ आणि सी७ या ओळींतल्या शेवटच्या रकान्याचे आकडे मला जसेच्या तसे पाठवा. वर ‘ट्रान्सफर मोड’ लिहिलंय तेही.

पिंकी

———

प्रेषक: नाना, टिळकनगर

बेटा, सांगितलंस तसं केलं. डिस्क काढली तर कॉम्प्युटर पूर्ववत. लावली की पुन्हा तेच. थिजला तेव्हा डिस्क १ चा ॲक्टिव्ह टाइम १००%, रिस्पॉन्स ३,४०० च्या पुढे, वेग शून्य.

सॉफ्टवेअरने पिवळा रंग दाखवून ‘कॉशन’ म्हटलं आहे. आकडे: ०५ समोर ०. ०९ समोर ए०२८. सी५ समोर १८. सी६ समोर ०. सी७ समोर २ई३. ट्रान्सफर मोड: सॅटा/३०० आणि पुढे सॅटा/६००. आकड्यांत अक्षरं कशी घुसली? मॉनिटरही बिघडला की काय?

नाना

———

प्रेषक: पिंकी, स्नेहनगर

मॉनिटर ठणठणीत आहे नाना. हे सॉफ्टवेअर मुळात दहाऐवजी सोळाच्या पायावर आकडे दाखवतं, त्यात ९ नंतर ए ते एफ ही अक्षरं येतात. ‘फंक्शन’ मेनूत ‘रॉ व्हॅल्यूज’ १० वर करा की आपल्या रोजच्या आकड्यांत येतील. तोवर मीच उलगडते.

०९ म्हणजे डिस्क आजवर किती तास चालली. ए०२८ म्हणजे ४१,०००. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे पावणेपाच वर्षं, रात्रंदिवस. घरच्या कॉम्प्युटरमध्ये एवढी कोण चालवतं? कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमधून नाहीतर एखाद्या सर्व्हरमधून उतरलेली दिसते.

सी७ ची २ई३ म्हणजे ७३९. इतक्या वेळा वायरीतून जाताना डेटा बिघडला आणि परत पाठवावा लागला. हा दोष बहुतेक वेळा डिस्कचा नसतो, डेटा केबलचा किंवा तिच्या सैल टोकाचा असतो. ट्रान्सफर मोडही तेच सांगतोय: सेकंदाला ६०० एमबीच्या लायकीची जोडणी ३०० वर चालते आहे. (सॅटा म्हणजे हल्लीची डिस्क जोडायची पद्धत.) तुमच्या बोर्डावरचं सॉकेट जुनं असेल तर तेवढंच मिळेल, पण ७३९ बघता मला केबलचाच संशय आहे. हा आकडा कधीच कमी होत नाही, केबल बदलली तरी. त्यामुळे ७३९ वहीत लिहून ठेवा. नवी केबल लावल्यावर तो तिथेच थांबला तर रोग गेला.

सी५ ची काळजी मात्र मला जास्त आहे. १८ म्हणजे २४. डेटाचे इतके तुकडे वाचता येत नाहीत म्हणून डिस्कने ते ‘बघू नंतर’च्या यादीत टाकले आहेत. हल्लीच्या डिस्कवर डेटा साठवायचं खरं घर ४,०९६ बाइटचं असतं, पण हिशेब ५१२ च्या तुकड्यांत होतो, म्हणून हा आकडा बहुधा ८ च्या पटीत वाढतो. २४ भागिले ८, म्हणजे तीन घरं, सगळी मिळून १२ किलोबाइट. ३०० जीबीतले १२ किलोबाइट अख्खा कॉम्प्युटर थिजवतात, कारण साधी डिस्क एका खराब घरापाशी दहा-वीस सेकंद, कधी त्याहून जास्त, हटून बसते. नासच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणपेटीसाठी बनवलेल्या डिस्क सात सेकंदांत हार मानून पुढे जातात.

आता चेकडिस्कचं. ‘आर’ लावून चालवलं की ते २ टीबीतलं एकूण एक घर वाचून बघतं, तासन्‌तास. मरायला टेकलेल्या डिस्कला एवढी दौड करायला लावली तर ती वाटेतच बसेल. आधी डेटा काढायचा, मग वाटेल ते.

काढताना साधं कॉपी-पेस्ट करू नका, खराब फाइलपाशी ते अडून विचारत बसतं. विंडोजमध्येच रोबोकॉपी नावाचा कॉपीचा आदेश आहे, पण त्यात ‘आर’ (किती वेळा प्रयत्न) आणि ‘डब्ल्यू’ (किती सेकंद थांबायचं) दोन्ही १ ठेवायला विसरू नका. नाहीतर एका फाइलसाठी ते १० लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी ३० सेकंद थांबून. हिशेब केला तर एका नाटकापायी जवळजवळ वर्ष. आदेश मी वेगळ्या मेलने पाठवते, तसाच चिकटवा.

आणि पेटी उघडाल तेव्हा विजेची वायर बघा. जुन्या चार पिनांच्या जाड प्लगला जोडलेला अखंड प्लॅस्टिकचा कन्व्हर्टर लावला असेल तर तो आजच काढा. त्यातल्या तारा आत एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणं आहेत.

पिंकी

———

प्रेषक: अप्पा, रामबाग

पिंकी, रॅमचं मागे घेतो. पण केबलचं म्हणालीस म्हणून सांगतो, आयडीईच्या, म्हणजे सॅटाच्या आधीच्या जोडणीच्या काळी हेच व्हायचं. एका चपट्या पट्टीवर दोन डिस्क, पाठीमागे जंपर लावून एक मास्टर, एक स्लेव्ह. दोघी एकाच वेळी बोलू शकत नसत. पट्टी ८० तारांच्या ऐवजी जुनी ४० तारांची लावली की वेग सेकंदाला ३३ एमबीवर अडायचा. आणि एक्सपीमध्ये सहा चुका झाल्या की विंडोज मुकाट्याने डीएमएचा (प्रोसेसरला न गुंतवता डेटा नेण्याचा) वेग पायरीपायरीने कमी करायचं, आणि चुका होतच राहिल्या तर शेवटी पीआयओवर उतरायचं, मग प्रोसेसरच बाइट उचलत बसायचा. मी बँकेत असताना आमच्या शाखेतले दोन कॉम्प्युटर असेच मेलेले समजून अडगळीत गेले होते.

अप्पा

———

प्रेषक: दादा, टोरांटो (मूळ लोकमान्यनगर)

नाना, यातल्या दोन नाटकांत मी मिशा लावून उभा आहे, तेव्हा माझाही जीव टांगणीला. जे निघेल ते क्लाउडवर चढवून टाका, जागेचे पैसे मी भरतो. तुमच्या लाइनला अपलोड किती मिळतो? २० एमबीपीएस धरला तर ३०० जीबीला ३३-३४ तास लागतील. रात्री लावून ठेवा, चार-पाच रात्रींत होईल.

दादा

———

प्रेषक: नाना, टिळकनगर

हालहवाल. कन्व्हर्टर निघाला, अगदी पिंकीने वर्णन केला तसाच, टोकाशी पिवळा पडलेला. सप्लायमध्ये सॅटाची सरळ वायर मोकळी होतीच, ती लावली. डेटा केबलही नवी. कॉम्प्युटर आता झटक्यात सुरू होतो, ट्रान्सफर मोड दोन्हीकडे ६०० दाखवतो आणि सी७ ७३९ वरच थांबलाय.

मुलाच्या बाहेरच्या डिस्कवर रोबोकॉपीने सगळं उतरवलं. दोन फाइली आल्या नाहीत, दोन्ही एकाच नाटकाच्या, दुसरा आणि तिसरा अंक. मूळ कॅसेट कपाटात आहे, पुन्हा उतरवता येईल. पण सी५ आता ४० झालाय, म्हणजे तुझ्या हिशेबाने पाच घरं. त्या दोन फाइलींपाशी अजून थिजतो. दुकानदाराला दाखवलं तर म्हणे, चालतेय ना, मग झालं.

नाना

———

प्रेषक: पिंकी, स्नेहनगर

केबल बदलल्यावरही सी५ वाढतोय म्हणजे तबकडीच जातेय नाना. काढून टाका ती. ‘गाणी-बिणी ठेवायला राहू दे’ असंही नको, तुम्ही तेच म्हणणार आहात हे मला माहीत आहे. आत जोडलेली आहे तोवर ती कॉम्प्युटर थिजवणारच, तिच्यावर काही ठेवा किंवा न ठेवा.

दुकानदाराशी ‘चालते-चालत नाही’वर वाद घालू नका. ४१,००० तास आणि पिवळा ‘कॉशन’ एकत्र दिसतील असा पडद्याचा फोटो काढा आणि बिलासोबत समोर ठेवा. पैसे नाही तर निदान नव्या डिस्कमध्ये वळते करून देईल. नवी घेताना सीएमआर (पट्टे एकावर एक न चढवलेली) आहे ना, ते विचारा. माहीत नाही म्हणाला तर मॉडेल नंबर मला पाठवा, कंपनीच्या साइटवर बघून सांगते. दुकानातच जोडायला लावा आणि ०९ बघा. नव्या डिस्कवर तो शून्य किंवा एक-दोन हवा. अर्थात हा आकडा पुसून जुना माल नवा म्हणून विकणारेही आहेत, तेव्हा पाकीट सीलबंद आहे का तेही बघा.

घरी आल्यावर विंडोजची पेजफाइल (रॅम अपुरी पडली की वापरायची फाइल) चुकूनही तिच्यावर जाऊ देऊ नका, ती एसएसडीवरच राहू द्या. झोपायची वेळ ० करा. आणि मुलाच्या डिस्कवरची प्रत दादांचं अपलोड पुरं होईपर्यंत पुसू नका, त्याने कितीही मागितली तरी.

दुसऱ्या-तिसऱ्या अंकाची कॅसेट रविवारी पोह्यांना येताना आणा. लॅबमध्ये व्हीसीआर आहे, मी उतरवून देते.

पिंकी