स्ट्रीट स्टॉक: गाडी स्वतः बांधावी की तयार घ्यावी?

डावीकडेच_वळा:
नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटजवळ राहतो. मागच्या उन्हाळ्यात ऑफिसातल्या एकाने जवळजवळ ओढतच हिकरी मोटर स्पीडवेला, कार रेसच्या ट्रॅकवर, नेलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये. टीव्हीवर डेटोनाची मोठी रेस बघणं वेगळं आणि मैलाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जेमतेम मोठ्या ट्रॅकवर वीसेक गाड्या एकमेकींना घासत वळताना कुंपणाशी उभं राहून बघणं वेगळं, घरी येऊन कान धुतले तर रबराचा काळा भुगा निघाला.

आता तोच मित्र म्हणतोय की तू मालक हो, मी चालवतो, स्ट्रीट स्टॉक (रस्त्यावरची जुनी गाडी रेससाठी बदललेली) दोघं मिळून बांधू. तो आधी चार सीझन मिनी स्टॉक (चार सिलेंडरवाल्या छोट्या गाड्यांचा क्लास) चालवायचा, त्यामुळे हात बरा आहे. माझ्याकडे ९,००० डॉलर आहेत, घरात ठरलेला आकडा, त्यावर एक सेंटही मिळणार नाही. गॅरेज आहे, वेल्डिंग कम्युनिटी कॉलेजात शिकलोय पण रोल केजचा (ड्रायव्हरभोवतीच्या पिंजऱ्याचा) पाइप आयुष्यात वाकवलेला नाही.

समोर दोन गोष्टी आहेत. एक १९८५ ची माँटे कार्लो, शेतात उभी आहे, १,२०० डॉलर. दुसरी तयार स्ट्रीट स्टॉक, ६०२ क्रेट (कारखान्यातून तयार येणाऱ्या) इंजिनसकट ७,५०० ला, विकणारा म्हणतो मागच्या सीझनला तीन रेस मारल्या. ट्रेलर नाही देत. मित्राला शेतातली हवीये, मला दुसरी. कोणी हे केलंय का?

ग्रीसचे_हात:
केलंय, आणि म्हणूनच सांगतो, तयार घ्या.

मित्राचं म्हणणं चुकीचं नाहीये. १९७८ ते ८८ च्या जनरल मोटर्सच्या (जीएम) त्या मधल्या साइजच्या गाड्या, माँटे कार्लो, मालिबू, रीगल, कटलास, १०८ इंच व्हीलबेस, त्यांनाच सगळे मेट्रिक चॅसी म्हणतात आणि स्ट्रीट स्टॉकची निम्मी दुनिया त्यांच्यावरच चालते. फ्रेम ओळखीची, पार्ट मिळतात, पिटमधल्या (ट्रॅकवर गाड्या तयार करतात त्या जागेतल्या) कुणालाही विचारा तो सेटअप सांगेल. पण १,२०० ला तुम्हाला फक्त फ्रेम मिळतेय हो. त्यावर पावणेदोन इंची पाइपचा केज, सीट, फ्युएल सेल (रेसची इंधनटाकी), रेडिएटर, वायरिंग, स्प्रिंगा, शॉक, चाकं, आणि मागचा मूळ साडेसात इंची अ‍ॅक्सल रेसिंगला टिकत नाही म्हणून बहुतेक जण नियमात बसत असेल तर फोर्डचा नऊ इंची बसवतात तोही खर्च. माझी अशीच शेतातली गाडी मार्चमध्ये ट्रॅकवर जाणार होती, ऑगस्ट उजाडला, आणि १३ हजारांनंतर मी पावत्या ठेवणंच बंद केलं. मजा आली, खोटं कशाला बोलू, पण त्या वर्षी चार रेस झाल्या फक्त.

जे काही घ्याल त्याच्या आधी ट्रॅकचं रूलबुक छापून घ्या आणि त्याच्यावर पेनाने खुणा करा. एका ट्रॅकची स्ट्रीट स्टॉक दुसऱ्या ट्रॅकवर टेकमध्ये (गाडीच्या तपासणीत) पास होईलच असं नाही. टायर, वजन, कार्ब्युरेटर, सगळं वेगळं असू शकतं.

आता ते ६०२. हे जीएमचं सीलबंद ३५० क्युबिक इंच इंजिन, साधारण ३५० हॉर्सपॉवर. सील अशासाठी की आत कुणी हात घालू नये आणि सगळ्यांचं इंजिन सारखं राहावं. फॅक्टरीच्या सील बोल्टचं डोकं बसवतानाच तुटून पडतं आणि गोल गुळगुळीत बुंधा उरतो, पान्याला पकडच नाही. इंटेक, हेड, पुढचं कव्हर आणि खालचा ऑइल पॅन, चारही ठिकाणी बघा. मी एक गाडी घ्यायला गेलो होतो, वरचे सगळे बोल्ट चकाचक, पॅनच्या मागच्या एका बोल्टवर पक्कडीच्या दातांचे ओरखडे. विकणारा म्हणाला गंज काढताना लागलं असेल. मी म्हटलं असेल बाबा, आणि घरी आलो. काही इंजिनांवर रिबिल्ड केल्यावर वेगळी सीलं लावलेली असतात, तीही चालतात पण तुमचा ट्रॅक ती मानतो का ते टेकवाल्याला आधी विचारा.

आणि एक. त्या ७,५०० मध्ये बेल्ट आणि सीट धरू नका. बेल्टवरच्या टॅगवर तारीख असते, दोन वर्षं झाली की टेकवाला कापूनच टाकेल. हेल्मेट स्नेल एसए वालं (कार रेसिंगचं मानांकन), मोटरसायकलचं नाही. आणि मानेचा रिस्ट्रेंट (आपटल्यावर डोकं पुढे फेकलं जाऊ नये म्हणून हेल्मेटला जोडतात तो), ट्रॅक मागो न मागो. २००० साली रेसर अ‍ॅडम पेटी गेला, २००१ च्या फेब्रुवारीत डेटोनाला रेसर डेल अर्नहार्ट गेले, कवटीच्या तळाला फ्रॅक्चर, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये नॅस्कारने (अशा रेस घेणारी अमेरिकेतली मोठी संस्था) हे सक्तीचं केलं. तुम्ही चालवणार नाही पण मालक तुम्ही आहात, चिल्लर वाचवायची जागा ही नव्हे.

चार_सिलेंडर:
मी दोन्हीला नाही म्हणेन, शिव्या घाला हवं तर 😄 ९ हजारात स्ट्रीट स्टॉक घेता येते, पळवता येत नाही. ट्रेलर, टायर, पेट्रोल, पिट पास (तुमचा, त्याचा, मदतीला येणाऱ्या मेव्हण्याचा), आणि पहिल्याच महिन्यात कुणीतरी उजव्या बाजूने भिंतीला घासणार. मित्र मिनी स्टॉक चालवायचा ना, मग त्याच क्लासमध्ये जुनी चार सिलेंडर घ्या, टायर जास्त टिकतात, मोडलं तर जंकयार्डात पार्ट मिळतो. मी एकदा जिंकलो तेव्हा ३०० डॉलर मिळाले, त्या रात्रीचा खर्च त्याहून जास्त होता, त्यामुळे बक्षिसाच्या पैशाचा हिशोब मनात धरूच नका.

काही ट्रॅकवर खालच्या क्लासला क्लेम रूल असतो, म्हणजे ठरलेली रक्कम देऊन दुसरा टीमवाला तुमचं इंजिन उचलून नेऊ शकतो, म्हणून कुणी त्यात महागडं इंजिन टाकत नाही. नवख्याला ते फार बरं.

आणि गाडी आपटली तर पैसे कुणी द्यायचे, जिंकली तर वाटणी कशी, हे मित्राशी आत्ताच कागदावर लिहा. बोलून ठरलेलं चौथ्या वळणापर्यंत टिकतं.

डावीकडेच_वळा:
कागदाचं पटलं, आजच बोलतो. चार सिलेंडरचा विषय काढला तर त्याने तोंड वाकडं केलं, तो म्हणतो परत बालवाडीत नको 😅 तयार गाडीवरच येतोय बहुतेक. तो म्हणाला जाशील तेव्हा स्टॅगर आणि क्रॉस विचार. मी मान हलवली. कुणी सांगेल का मी नक्की कशाला मान हलवली?

तिसरं_वळण:
हसले मी 😀 आमची गाडी नवरा चालवतो, टायर आणि वजन माझ्याकडे.

स्टॅगर म्हणजे मागच्या उजव्या टायरचा घेर उणे डाव्याचा घेर. मागची दोन्ही चाकं लॉक असतात, एकत्रच फिरतात, आणि वळणात बाहेरच्याला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून बाहेरचा टायर मोठा. गणित सोपंय, वळणाची त्रिज्या १५० फूट म्हणजे १,८०० इंच, दोन चाकांत ६० इंच, टायरचा घेर ८६, तर ८६ गुणिले ६० भागिले १,८००, येतं २.८७ इंच. तेवढं लावत नाहीत बरं का, सरळ पट्ट्यातही जायचं असतं, तिथे ओढ बसते आणि वळणातून बाहेर पडताना गाडीचं शेपूट निघतं. मोजायची पद्धत मात्र पक्की ठेवा, आधी हवा रेसच्या प्रेशरला, मग टायरच्या मधोमध खडूची रेघ आणि त्या रेघेवरून बारीक स्टीलची टेप, तीन वेळा. एकाच साइजच्या दोन नव्या टायरांत पाऊण इंचाचा फरक मी स्वतः मोजलाय. पिटमध्ये टायरच्या ट्रकपाशी लोक टेप घेऊन रांगेत का उभे असतात ते आता कळेल.

क्रॉस म्हणजे उजव्या पुढच्या चाकावरचं वजन अधिक डाव्या मागच्यावरचं, एकूण वजनाच्या टक्क्यात. आमच्या वहीतलं एक पान देते, एकूण ३,२०० पौंड, डावं पुढचं ८८०, उजवं पुढचं ७८४, डावं मागचं ८८०, उजवं मागचं ६५६. म्हणजे क्रॉस ५२ टक्के, डावी बाजू ५५ टक्के. क्रॉस वाढवला की गाडी टाइट, वळायला कुरकुर करते, कमी केला की लूज, शेपूट बाहेर निघतं. हे मोजताना ड्रायव्हर सीटमध्ये पाहिजे, पुढचा स्वे बार (वळताना गाडी झुकू न देणारा दांडा) सोडलेला, आणि जमीन खरंच सपाट. आमचा पहिला अख्खा सीझन उतार असलेल्या ड्राइव्हवेवर मोजण्यात गेला, गाडी वळायला कुरकुर करायची आणि आम्ही इंजिनला दोष देत बसलो.

विकणाऱ्याकडे अशी वही आहे का विचारा. तीन रेस खरंच मारल्या असतील तर आकडे कुठेतरी लिहिलेले असणार. वही गाडीबरोबर देत असेल तर मी त्याचे दोनशे जास्त देईन.

डावीकडेच_वळा:
खूप आभार ताई, आणि सगळ्यांचेच. रविवारी सकाळी जातोय बघायला. टेप, टॉर्च आणि पॅनखालचे बोल्ट बघायला आरसा घेतलाय.

ग्रीसचे_हात:
आरसा दातांच्या डॉक्टरचा असतो तसला घ्या, लांब दांड्याचा. मोठा तिथे मागे जात नाही, मी पक्कडीच्या खुणा मोबाइलचा कॅमेरा आत सरकवून बघितल्या होत्या. आणि इंजिन थंड असताना पोचा, आधीच गरम करून ठेवलं असेल तर का ते विचारा.