अ‍ॅलियमला फुलंच नाहीत, नुसती पात! मदत हवी आहे

रेवा_एम
माझ्या अ‍ॅलियमला (कांद्याच्या कुळातला कंद) गेल्या मेमध्ये मस्त जांभळे गोंडे आले होते. यंदा नुसती पात, आणि जे दोन दांडे आले त्यांचे गोंडे लिंबाएवढे. शेजाऱ्यांकडे हीच जात, तिथे चांगले मोसंबीएवढे गोळे डुलतायत. खत वेळेवर घातलंय, पाणी कमी पडू दिलेलं नाही. कंद उपटून टाकू का? लवकर सांगा, शनिवारी नर्सरीत जायचंय.

कुंडीवाला_कोथरूड
पुण्यात हे होणारच. या मोठ्या अ‍ॅलियमना सलग १२ ते १४ आठवडे जमिनीत ९ अंशांच्या खालची थंडी लागते. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे १० अंश झाले तरी दुपारी ३०. कंद कोरडे करून कागदी पिशवीत घाला आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. शेजारी सफरचंद किंवा केळी नकोत, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीनने आतली कळी मरते. एवढं करूनही दुसऱ्या वर्षीची खात्री नाही.

पातीकांदा
कांद्याला फूल नाही आलं तर पेढे वाटा! डेंगळे (फुलांचे दांडे) आले की कांदा पोसत नाही, मान जाड होते, कांदाचाळीत टिकत नाही. रोप आठ आठवड्यांपेक्षा जुनं लावलं आणि पुढे थंडी लांबली की डेंगळे धरतातच. दिसला की लगेच मोडायचा.

रेवा_एम
खायचा कांदा नाही हो, शोभेचा! आणि पुणं कुठून आलं मध्येच? मी एडिसन, न्यू जर्सीत. थंडी भरपूर आहे.

माती_तपासा
गाव पहिल्याच ओळीत लिहिलं असतं तर फ्रिजपर्यंत जावं लागलं नसतं. आता एवढं सांगा: जात कोणती? किती खोल लावले? खत कोणतं, त्यावरचे तीन आकडे (नत्र-स्फुरद-पालाश, म्हणजे एन-पी-के) काय? पाणी कशाने? आणि गेल्या वर्षी पात कधी कापली?

मिलेनियमप्रेमी
हे सगळं सोडा, 'मिलेनियम' ही अ‍ॅलियमचीच दुसरी जात लावा. २०१८ साली त्याला अमेरिकेत 'पेरेनियल प्लँट ऑफ द इयर' मिळालंय. जुलै-ऑगस्टमध्ये फुलतं, पात शेवटपर्यंत हिरवी, दर तीन-चार वर्षांनी गड्डा फोडून वाटता येतो.

रेवा_एम
जात पर्पल सेन्सेशन. खोल म्हणजे पाकिटावर होतं तेवढं. पाणी लॉनच्या स्प्रिंकलरचं, वाफा लॉनला लागूनच आहे. खतही लॉनचंच, २८-०-४ असं काहीतरी. पात फुलं यायच्या आधीच पिवळी पडायला लागली म्हणून कापून टाकली. वाळकी पात ठेवायची कशाला?

माती_तपासा
मिळालं उत्तर. तीन कारणं आहेत आणि तिन्ही एकत्र आलीत.

पात हे मुख्य कारण. विकत आणलेल्या कंदात फुलाची कळी आधीच तयार असते, म्हणून पहिल्या वर्षी तुम्ही काहीही केलं तरी फूल येतं. दुसऱ्या वर्षीचं फूल तुमच्या बागेतल्या पातीने कमवायचं असतं. पर्पल सेन्सेशनची पात मार्चमध्ये निघते आणि फूल उमलेपर्यंत टोकाकडून पिवळी पडायला लागते. तो रोग नव्हे, या जातीचा स्वभावच आहे. कमवायला मुळात दोन-अडीच महिने, त्यात अर्धी हिरवी असताना कापली की कंद उपाशी राहतो. पात पूर्ण वाळून हलक्या हाताने ओढल्यावर सुटली पाहिजे, तोवर कात्री लावायची नाही. फुलाचा दांडा कापला तर चालतो.

दुसरं पाणी. हे कंद मूळचे मध्य आशियातल्या कोरड्या उन्हाळ्याचे. जून ते सप्टेंबर ते झोपलेले असतात, तेव्हा रोजचं पाणी मिळालं की कुजतात. त्या कोपऱ्यातलं स्प्रिंकलरचं तोंड बंद करा किंवा फिरवा.

तिसरं खत. २८ म्हणजे नत्र, गवताचं खाणं. त्याने पात माजते, कंद भरत नाही.

शेणखत_झिंदाबाद
लागवडीच्या खड्ड्यात मूठभर बोनमील (हाडांचा चुरा) घाला, स्फुरद मिळेल. दुसरं काही लागत नाही.

माती_तपासा
बोनमीलमधलं स्फुरद आम्लधर्मी मातीतच सुटतं, पीएच ७ च्या वर ते नुसतं पडून राहतं. शिवाय वासाने स्कंक आणि कुत्री वाफा उकरतात. आधी रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती तपासून घ्या. स्फुरद कमी निघालं तरच मार्चमध्ये कोंब दिसल्यावर ५-१०-१०, १०० चौरस फुटांना दोन पौंड. पुरेसं असेल तर कंपोस्टचा इंचभर थर बास. जर्सीत २०११ च्या कायद्यापासून लॉनच्या खतातला मधला आकडा, म्हणजे स्फुरद, बहुतेक शून्यच असतो, तेव्हा ते खत घालून कंद पोसण्याची आशा नको.

शेणखत_झिंदाबाद
तपासणी, कायदा... आजीने कधी पीएच बघितला नाही, तरी निशिगंध यायचा.

कुंडीवाला_कोथरूड
निशिगंधाला उन्हाळ्यात पाणी लागतं. बरोबर उलटं.

जर्सीकर_२
लॉनच्या खतात तणनाशक मिसळलेलं नाही ना? 'वीड अँड फीड' असेल तर फुलांच्या वाफ्यात टाकायचं नसतं. आणि पातीवर सरळ रेषेत पांढरे ठिपके आहेत का बघा. असले तर अ‍ॅलियम लीफमायनर. ही माशी २०१५ च्या अखेरीस शेजारच्या पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टर काउंटीत सापडली आणि नंतर जर्सीतही आली. अळी पातीतून खाली कंदाकडे उतरते. माशी वसंतात एकदा उडते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा. वसंतात कोंब दिसताच बारीक जाळी टाकायची आणि कडा मातीत दाबायच्या.

रेवा_एम
ठिपके नाहीत. मग फेकू की नको? एवढंच सांगा.

माती_तपासा
फेकू नका. जूनअखेर पात वाळली की बागेचा काटा (फोर्क) थोडा बाहेरून घालून कंद उचला. बहुतेक एकाचे दोन-तीन झालेले असतील. उथळ लावले की जास्तच फुटतात. बुडाशी पांढरी बुरशी आणि मोहरीहून बारीक काळे दाणे दिसले तर ती पांढरी सड. ते कंद कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको, आणि त्या जागी कांदा-लसणाच्या कुळातलं काही लावू नका. ते दाणे मातीत २० वर्षंही जिवंत राहतात. चांगले कंद सावलीत, जाळीच्या पिशवीत, हवेशीर ठेवा.

मग शिंप्याच्या टेपने घेर मोजा. १२ सेंमीच्या पुढचे पुन्हा वाफ्यात, १० च्या आतले वेगळ्या ओळीत. त्यांना मोठं व्हायला एक-दोन वर्षं जातील. लावायचे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, खोली कंदाच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे यांना १५ सेंमी, अंतर २० सेंमी. सहा तास ऊन हवं. चिकणमाती असेल तर वाफा चार इंच उंच करा. खड्ड्याच्या तळाला नुसती वाळू टाकून उपयोग नाही, पाणी तिथेच साचतं.

मिलेनियमप्रेमी
किंवा मिलेनियम. कंद काढणं नाही, घेर मोजणं नाही.

जर्सीकर_२
अहो, मेमधला जांभळा गोळा हवाय त्यांना, ऑगस्टमधला नाही. पिवळी पात झाकायला पुढे नेपेटा किंवा रानटी जिरेनियम लावा. होस्टा नको, त्याला पाणी लागतं आणि तो हरणांचं जेवण आहे. अ‍ॅलियमच्या वाटेला हरणं सहसा जात नाहीत. घरात कुत्रा-मांजर असेल तर मात्र काढलेले कंद उंचावर ठेवा, त्यांना विषारी.

कुंडीवाला_कोथरूड
अवांतर: दिवाळीत कोणी येणार असेल तर चार कंद बॅगेत टाकाल का? ग्लोबमास्टर (मोठ्या गोंड्याची जात) मिळाला तर सोन्याहून पिवळं.

माती_तपासा
नको. २००३ च्या प्लँट क्वारंटाइन आदेशानुसार आयातीचा परवाना आणि तिकडचं फायटोसॅनिटरी (रोग-कीड नसल्याचं) प्रमाणपत्र लागतं. आणि तुम्हीच वर लिहिलंय की पुण्यात थंडी नाही. त्यापेक्षा तुळबाघिया लावा, लसणाचाच वास, जांभळी फुलं, थंडीची गरज नाही.

रेवा_एम
ओके, पात नाही कापत. पण नवरा म्हणतोय स्प्रिंकलरचं ते तोंड बंद केलं तर लॉनचा कोपरा वाळेल. ठिबक वेगळं टाकता येतं का त्याच लाइनवर?

जर्सीकर_२
येतं, पण ठिबकला दाब ३० पीएसआयच्या आसपास लागतो, रेग्युलेटर आणि फिल्टर बसवावा लागेल. त्यापेक्षा त्या हेडचा कोन स्क्रूने कमी करून बघा. हेड कोणत्या प्रकारचं आहे, फवाऱ्याचं की फिरणारं?