डायल-अप हाताने जोडलं की चालतं, क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम) का नाही?

डेबियन लिनक्स आहे, सिरीयल पोर्टला एक्स्टर्नल मोडेम. रूट (अ‍ॅडमिन) होऊन पीपीपीडी (डायल-अपची लाइन जोडणारा प्रोग्राम) कॉल दिला की पाऊण मिनिटात लाइन जोडली जाते. तेच स्क्रिप्टमध्ये टाकलं, मग स्लीप ६० (साठ सेकंद थांबणं), मग फेचमेल (मेल उतरवणारा प्रोग्राम), आणि क्रॉनला दर अर्ध्या तासाने लावलं तर मोडेम डायलच करत नाही. दुसरा त्रास म्हणजे स्क्रिप्ट हाताने चालवली की मेल उतरल्यावरही लाइन सुटत नाही, काल फोन दोन तास एंगेज होता. तीन दिवस झाले, काहीच सुचत नाहीये.

उत्तर १:
क्रॉनचा पाथ (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) फार तोकडा असतो हो, त्यात फक्त यूएसआर-बिन आणि बिन, आणि पीपीपीडी बसलेला असतो यूएसआर-एसबिनमध्ये, म्हणून त्याला तो सापडतच नाही. स्क्रिप्टमध्ये पीपीपीडीचा पूर्ण पाथ, म्हणजे फोल्डरसकट नाव, लिहा. लाइन सुटण्यासाठी पीअर्सच्या फाइलमध्ये (त्या कनेक्शनच्या सेटिंग्जची फाइल) 'आयडल १८०' टाका, तीन मिनिटं काही हालचाल नसली की पीपीपीडी स्वतःच फोन ठेवतो. 'लॉक' पण टाका, नाहीतर आधीचा कॉल चालू असताना क्रॉन त्याच पोर्टवर दुसरा पीपीपीडी सोडेल.

उत्तर २:
वरचं बरोबरच आहे, पण मला विचाराल तर तो स्लीप ६० आधी काढा. कधी लाइन तीस सेकंदांत जोडते, कधी ऐंशी लागतात, आणि ऐंशी लागले की फेचमेल आधीच एरर देऊन मोकळा. लाइन लागली हे पीपीपीडीला पक्कं कळतं, आयपी (नेटवरचा पत्ता) मिळाला की तो आयपी-अप स्क्रिप्ट चालवतो, फेचमेल तिथेच टाका. फक्त त्या स्क्रिप्टला एन्व्हायर्नमेंट (पाथसारख्या सेटिंग्ज) जवळजवळ रिकामं मिळतं आणि आउटपुट जातं डेव्ह-नलला, म्हणजे कुठेच नाही, म्हणून तिथेही पूर्ण पाथ आणि लॉग स्वतःच्या फाइलमध्ये. माझी यातच अख्खी एक रात्र गेली होती, स्क्रिप्ट चालत होती पण एरर दिसायलाच जागा नव्हती.

उत्तर ३:
चॅट स्क्रिप्टमध्ये (मोडेमला डायल करायला सांगणारी) अबॉर्टच्या, म्हणजे लगेच सोडून द्यायच्या, ओळी आहेत का बघा, बिझी, नो कॅरिअर, नो डायलटोन या तिन्हींसाठी. नसतील तर नंबर बिझी असला तरी चॅट कनेक्टची वाट बघत टाइमआउट संपेपर्यंत, म्हणजे मुळात ४५ सेकंद, बसून राहतं. आणि घड्याळ जुळवणारा एनटीपी चालू असेल तर त्याच्या पॅकेट्समुळे आयडल कधी पूर्णच होत नाही, तो बंद ठेवा किंवा पीपीपीडीच्या अ‍ॅक्टिव्ह-फिल्टरने त्याची पॅकेट्स मोजणीतून वगळा.

मूळ प्रश्नकर्ता:
पाथ दिल्यावर पहिल्याच फेरीत मोडेमने डायल केलं! फेचमेल आयपी-अपमध्ये हलवला. आयडल टाकूनही लाइन सुटेना, कारण तोच एनटीपी, बंद केल्यावर बरोबर तीन मिनिटांनी मोडेमचा दिवा विझला. अबॉर्टच्या ओळी आज रात्री टाकतो.