मदत हवी आहे : हॉटेलच्या खोलीचे दार आतून पक्के कसे करावे?

अनुस्वार :
परवा पुन्हा निघायचे आहे, त्यामुळे उत्तरे लवकर मिळाली तर उपकार होतील. कामानिमित्त महिन्यातून सात-आठ रात्री मला हॉटेलात एकटीने काढाव्या लागतात आणि आजवर त्याचे विशेष काही वाटत नव्हते. गेल्या आठवड्यात रात्री पावणेबाराच्या सुमारास दाराच्या कुलपातून बारीक घरघर ऐकू आली, मूठ खाली गेली, दार वीतभर उघडले आणि फटीत एक अनोळखी गृहस्थ हातात बॅग घेऊन उभे दिसले. मी किंचाळले, ते माझ्याहून जास्त दचकले, "सॉरी, सॉरी" म्हणत त्यांनी दार ओढून घेतले आणि निघून गेले. त्यानंतर पहाटेपर्यंत मी दाराला खुर्ची लावून तिच्यावरच बसून होते.

दार मी नीट बंद केले होते, हे आधीच सांगते. बाहेरून कोणीही काहीही केले तरी उघडणार नाही असे आतून लावायचे एखादे साधन मिळते, असे ऐकले आहे. कोणते घ्यावे, एवढेच सांगा. "एकटीने प्रवास करताच कशाला" अशी उत्तरे नकोत.

पाऊलवाट :
रबरी पाचर घ्या, ताई, आणि तीही भोंगा असलेली. दाराच्या खालच्या फटीत सरकवायची; कोणी दार ढकलले की पाचर दाबली जाते आणि अख्खा मजला जागा होईल असा आवाज होतो. मी नऊ वर्षे ती वापरतो आहे. बॅगेत मुठीएवढीही जागा घेत नाही. यापुढे चर्चेची गरज नाही.

चिकित्सक :
चर्चेची गरज आहे, कारण मूळ प्रश्नात काहीच माहिती नाही. दार आत उघडत होते की बाहेर? "नीट बंद केले" म्हणजे नुसते लोटले, की मुठीखालची खिट्टीही फिरवली? त्या गृहस्थांनी दार कशाने उघडले? पाचर फक्त आत उघडणाऱ्या दाराला चालते. बाहेर उघडणाऱ्या दाराला ती लावणे म्हणजे उशीखाली चाकू ठेवून निर्धास्त झोपण्यासारखे आहे.

खडू :
खोलीत शिरल्यावर सर्वांत आधी दिवे मालवून मोबाइलच्या टॉर्चने आरसा, घड्याळ, धुराचा सेन्सर आणि चार्जर तपासावेत. छुप्या कॅमेऱ्याची काच प्रकाशात चमकते. अंधारात चित्रीकरण करणाऱ्या कॅमेऱ्याचे अवरक्त दिवे डोळ्यांना दिसत नाहीत. पण मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून ते पुष्कळदा जांभळट ठिपक्यासारखे दिसतात.

अनुस्वार :
खडू, माहितीबद्दल आभार. परंतु मी कॅमेऱ्याविषयी विचारलेले नाही. चिकित्सक, दार कोणत्या बाजूला उघडत होते हे आता आठवत नाही, आणि दार बंद केले म्हणजे बंद केले. ते आपोआप लॉक होते. अशा वेळी खिट्टी कोण पाहत बसते?

तिरका कोन :
दार आतच उघडत होते. त्या गृहस्थांनी ते "ओढून घेतले" असे आपणच लिहिले आहे आणि ते बाहेर उभे होते. दुसरे असे की, ज्याला खोली आपली वाटते तो माणूस दार सरळ लोटून आत येतो. ते वीतभरच का उघडले? कशाला तरी अडले असणार.

अनुस्वार :
खरेच की. चौकटीवर लोखंडी दांड्याची आडवी कडी होती आणि ती मी सवयीने लावली होती. दार तिच्यावर आपटल्याचा आवाज आता आठवतो आहे.

माजी पहारेकरी :
हॉटेलच्या रिसेप्शनवर मी अकरा वर्षे काढली आहेत, त्यांतील बरीचशी रात्रपाळीत. साधनांविषयी बोलण्यापूर्वी मला दोन गोष्टी कळायला हव्यात. आपले कार्ड खाचेत सरकवायचे होते की कुलपावर नुसते टेकवायचे? आणि दुसऱ्या दिवशी त्याच कार्डाने आपले दार उघडले का?

अनुस्वार :
टेकवायचे होते. आणि नाही, उघडले नाही. सकाळी खाली जाऊन परत आले तर लाल दिवा लागत होता. कार्ड मोबाइलच्या पाकिटात ठेवल्यामुळे बिघडले असावे असे वाटले. रिसेप्शनवर सांगितले, त्यांनी दोन मिनिटांत नवे करून दिले. पण याचा रात्रीच्या प्रकाराशी काय संबंध?

माजी पहारेकरी :
संबंध फार जवळचा आहे. चुंबकीय पट्टीचे कार्ड लोहचुंबकाजवळ ठेवले तर पुसले जाऊ शकते. टेकवायच्या कार्डातील चिपला मोबाइलच्या पाकिटाने सहसा काही होत नाही. आपले कार्ड बिघडले नव्हते, ते रद्द झाले होते. या कुलपांपैकी पुष्कळशी कुलपे रिसेप्शनच्या संगणकाला तारेने जोडलेली नसतात. नव्या पाहुण्यासाठी नवे कार्ड तयार केले आणि ते कुलपाला पहिल्यांदा लावले की, खोलीत आता दुसरा माणूस आला असे समजून कुलूप आधीच्या पाहुण्याचे कार्ड स्वीकारणे बंद करते. त्याच पाहुण्यासाठी जोडकार्ड काढले असते तर आपले कार्ड चालू राहिले असते. म्हणजे ते गृहस्थ चोर नव्हते. रिसेप्शनने आपली खोली रिकामी समजून त्यांना रीतसर दिली होती. आपण आल्यावर खोली बदलून घेतली होती का?

अनुस्वार :
हो! आधीच्या खोलीत एसी गळत होता, म्हणून समोरची दिली. संगणक बंद आहे, सकाळी नोंद करू, असे तिथला मुलगा म्हणाला होता.

माजी पहारेकरी :
तर मग तेच. नोंद झालीच नाही, खोली पडद्यावर रिकामी दिसत राहिली आणि रात्री उशिरा आलेल्या पाहुण्याला मिळाली. या धंद्यात ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते. मला त्याहून गंभीर वाटते ती सकाळची गोष्ट. आपण खाली गेलात, कार्ड चालत नाही म्हणालात आणि दोन मिनिटांत नवे कार्ड मिळाले. त्यांनी ओळखपत्र पाहिले का?

अनुस्वार :
नाही. खोलीचा क्रमांक विचारला, तेवढाच.

माजी पहारेकरी :
म्हणजे आपला खोली क्रमांक ऐकलेला कोणीही माणूस ते कार्ड घेऊन जाऊ शकला असता. म्हणूनच चांगल्या हॉटेलात खोली देताना क्रमांक मोठ्याने उच्चारत नाहीत. कार्डाच्या पाकिटावर लिहून पाकीट पुढे सरकवतात. कोणी मोठ्याने बोललेच, तर "दुसरी खोली द्या आणि क्रमांक लिहून द्या" असे म्हणायला मुळीच संकोचू नये. आम्हाला त्याचा राग येत नाही, आणि आला तरी येऊ द्यावा.

चिकित्सक :
हे सर्व ठीक आहे, परंतु खिट्टीचा मुद्दा राहतोच. बहुतेक कार्ड-कुलपांत आतली खिट्टी पूर्ण फिरवली की जाड बोल्ट चौकटीत जातो आणि मग पाहुण्याचे कार्ड, अगदी नव्याने बनवलेलेही, चालत नाही. सफाई कर्मचाऱ्यांचे कार्डही चालत नाही. दार उघडते ते फक्त आणीबाणीच्या कार्डाने किंवा चावीने. दार आपोआप "लॉक" होते तेव्हा फक्त तिरकी जीभ चौकटीत अडकलेली असते, आणि ती मागे घेणे हेच तर कार्डाचे काम. कडीने त्या रात्री आपल्याला वाचवले, पण दांड्याची कडी बाहेरून दोरीने किंवा पातळ पट्टीने सरकवता येते. ती दुसरी फळी आहे, पहिली नव्हे.

तिरका कोन :
कुलपांवर एवढा विश्वास बरा नव्हे. २०१२ साली एका सुरक्षा संशोधकाने हॉटेलात सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या कुलपाच्या तळाशी असलेल्या छिद्रात स्वस्तातले उपकरण जोडून ते क्षणात उघडून दाखवले होते. मार्च २०२४ मध्ये हॉटेलांतल्या सॅफलॉक नावाच्या कार्ड-कुलपांतील त्रुटी जाहीर झाली. १३१ देशांतील तीस लाखांहून अधिक दारे तिच्या कक्षेत येत होती आणि एकाच हॉटेलातील कुठलेही एक कार्ड हाती आले की त्यावरून सगळी दारे उघडणारी कार्डांची जोडी बनवता येत होती. त्या जोडीपुढे खिट्टीनेही हार मानली असती. म्हणून मी पोलादी फिरते कुलूप, म्हणजे प्रवासात बरोबर नेता येणारे सुटे कुलूप, सुचवीन. त्याची चपटी पट्टी चौकटीतील खाचेत बसवून दार लावायचे आणि पट्टीला आतून अडणा घालायचा. बाहेरच्या कार्डाशी त्याचा काही संबंधच राहत नाही.

माजी पहारेकरी :
त्रुटी खऱ्या आहेत, पण ताईंचे दार त्रुटीने उघडले नाही, ते आम्हा लोकांच्या गलथानपणाने उघडले.

पाऊलवाट :
म्हणूनच पाचर.

घंटानाद :
फिरत्या कुलपाविषयी एक गोष्ट कोणीच बोलत नाही. आगीत रात्री खोली धुराने भरली, दिवे गेले आणि हाताने चाचपडत ती पट्टी काढायची वेळ आली, तर किती वेळ लागेल? २१ नोव्हेंबर १९८० रोजी लास वेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलला लागलेल्या आगीत ८५ माणसे दगावली. आग खालच्या कॅसिनोच्या भागात होती, पण त्यांतील बहुतेक जण वरच्या मजल्यांवर धुराने गुदमरून गेले. दाराला जे काही लावाल ते डोळे मिटून, डाव्या हाताने, झोपेतून उठल्या उठल्या काढता आले पाहिजे. घेतलेच तर घरी दिवे बंद करून वीस वेळा लावून-काढून पाहा. आणि खोलीत सामान टाकण्याआधी आपल्या दारापासून आपत्कालीन जिन्यापर्यंत मधली दारे मोजा, कारण धुरात पाटी दिसत नाही, भिंतीवरून हात फिरवत दारेच मोजावी लागतात.

तिरका कोन :
लावलेले कुलूप एका हाताने काढता येते. आपण न वापरताच बोलत आहात.

घंटानाद :
वापरले आहे. दोन सेकंदांत निघते, हे मान्य. तिसऱ्या खेपेला ते हातातून गालिच्यावर पडले आणि अंधारात सापडेना, हेही तितकेच खरे. अडणा दोरीने पट्टीलाच बांधून ठेवा, म्हणजे वाद मिटेल.

खडू :
खोलीतल्या तिजोरीविषयीही सांगावेसे वाटते. पाहुणा क्रमांक विसरला तर ती उघडता यावी म्हणून हॉटेलकडे एक मुख्य क्रमांक असतो, आणि काही ठिकाणी तो कारखान्यातून आलेला, सगळे शून्य किंवा सगळे नऊ, असाच राहून गेलेला असतो. तिजोरी बंद करून एकदा हे क्रमांक दाबून पाहावेत.

अनुस्वार :
खडू, हेही मी विचारले नव्हते, पण पाहीन. मी पाचर घेतली आहे, फिरते कुलूप घेतलेले नाही. उद्या निघते.

अनुस्वार :
पोहोचले. सगळ्यांनी सांगितले तसे केले आणि एक विचित्र गोष्ट लक्षात आली, म्हणून लगेच लिहिते. खिट्टी फिरवली तर ती अर्ध्यावरच अडली. जोर लावला तेव्हा वाटले की बसली, पण दार उघडे ठेवून फिरवली तेव्हा बोल्ट जवळजवळ बोटाच्या पेराएवढा बाहेर आला; दार लावून फिरवली की त्याच्या निम्माही जात नव्हता. मोबाइलचा दिवा धरून पाहिले तर चौकटीच्या पितळी पट्टीवर, खाचेच्या खालच्या कडेला, बोल्ट आपटून आपटून एक चकचकीत चंद्रकोर उमटली होती. दार खाली झुकले आहे आणि बोल्ट खाचेऐवजी पट्टीवर आपटतो आहे. आधीच्या कितीतरी पाहुण्यांनी तो अर्धा फिरवून "लागले" म्हणून झोप काढली असेल.

चिकित्सक :
उत्तम निरीक्षण. खोली बदलून घ्या. दार उघडे ठेवून बोल्ट पाहायचा आणि मग लावून पाहायचा, ही तपासणी मीही आजवर केली नव्हती, हे कबूल करतो.

अनुस्वार :
बदलली, आणि संगणकात नोंद होईपर्यंत तिथेच उभी राहिले. नव्या खोलीत खिट्टी पूर्ण फिरते. मात्र कपाटाशेजारी पडद्यामागे शेजारच्या खोलीत जाणारे दुसरे दार आहे. त्याला माझ्या बाजूने बोल्ट आहे आणि तो उघडाच होता.

माजी पहारेकरी :
अशा जोडखोल्यांत दोन दारे पाठीला पाठ लावून असतात आणि प्रत्येक बाजूचा बोल्ट त्या त्या खोलीच्या हातात असतो. आपला लावा. शेजाऱ्याचा लागला आहे की नाही, याची चिंता नको. दार आपल्याकडे उघडत असेल तर पाऊलवाट यांची पाचर तिथे ठेवा.

पाऊलवाट :
शेवटी पाचरच.

अनुस्वार :
पाचर तिथेच लावली आहे. मुख्य दाराच्या फटीत टॉवेलची गुंडाळी आहे. फटीतून तार घालून आतली मूठ खाली ओढता येते, असे अन्यत्र वाचले. जिन्यापर्यंत अकरा दारे आहेत.

आणखी एक सांगायचे राहिले. खोली घेतानाच मी रिसेप्शनला सांगितले होते की, ओळखपत्र पाहिल्याशिवाय माझ्या खोलीचे कार्ड कोणालाही, मलाही, देऊ नये. रात्री दहा वाजता मुद्दाम खाली जाऊन "कार्ड आत राहिले" असे सांगितले. दुसरा मुलगा होता. त्याने क्रमांक विचारला आणि कार्ड यंत्रावर ठेवलेदेखील.

माजी पहारेकरी :
पाळी बदलली की तोंडी सांगितलेले पुसले जाते. आपल्या नावापुढे संगणकातच शेरा लिहून घ्यायला हवा; कार्ड करायला घेताना तो पडद्यावर समोर येतो.

अनुस्वार :
तो शेरा आत्ता लिहून घेतला. त्याने तो वाचला आणि ताबडतोब माझे ओळखपत्र मागितले. ते मात्र खरोखरच खोलीत राहिले होते. मग तो माझ्याबरोबर वर आला, दार उघडून स्वतः बाहेर उभा राहिला, मी ओळखपत्र आणून दाखवले, त्याने फोटो आणि माझा चेहरा दोनदा ताडून पाहिला आणि मगच कार्ड हातात दिले.