धावणे थांबले आहे. लांब पल्ल्याचे सायकलिंग कोठून सुरू करावे?

प्रश्न (लातूर)

नमस्कार. माझे वय ४२ आहे. अर्धमॅरेथॉनपर्यंत मजल गेल्यानंतर उजव्या गुडघ्याच्या बाहेरील बाजूस दुखू लागले आणि आयटी बँडचा (मांडीच्या बाहेरील बाजूने गुडघ्यापर्यंत जाणाऱ्या पट्ट्याचा) त्रास असल्याचे निदान झाले. आता चालताना किंवा जिना उतरताना दुखत नाही. परंतु थोडे अंतर धावले की तीच जागा पुन्हा ठणकते. फिजिओथेरपिस्टनी सायकल चालवण्यास परवानगी दिली आहे. दीर्घकाळ दम टिकवून अंतर कापण्याची ओढ मनातून जात नाही, म्हणून २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करावी असे वाटते. माझा दमसास चांगला आहे, तेव्हा मोठ्या अंतराकडे किती लवकर वळावे, आणि सायकल कोणती घ्यावी?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)

दादा, आपला दमसास हीच आपली ताकद आहे आणि सुरुवातीचे काही महिने जपण्याची गोष्टही तीच. धावपटूचे हृदय आणि फुप्फुसे पहिल्याच दिवशी तीन तास सायकल चालवायला तयार असतात. गुडघ्याभोवतीचे स्नायुबंध, बैठक, मनगटे आणि मान मात्र तयार नसतात. दम लागत नाही म्हणून माणूस जड गिअर दाबत राहतो आणि नवे दुखणे ओढवून घेतो. गिअर हलका ठेवून पाय मिनिटाला ८० ते ९० फेऱ्यांच्या लयीत फिरू द्यावेत. धावताना पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक आदळ सोसण्याची सवय झालेल्या पायांना हे आरंभी फारच सोपे वाटते, पण ते तसेच वाटले पाहिजे.

ब्रेव्हे ही शर्यत नव्हे. तिच्यात क्रमांक काढत नाहीत. २०० किलोमीटरसाठी १३ तास ३० मिनिटे मिळतात, म्हणजे जेवणखाण आणि थांबे धरून ताशी १५ किलोमीटरची सरासरी पुरते. पुढे ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास असतात, आणि ही चारही अंतरे एकाच हंगामात पूर्ण करणाऱ्यास सुपर रँडोनर म्हणतात. तो विचार सध्या दूर ठेवावा.

सायकल महागडी नको. गिअरची हायब्रिड (रस्त्याच्या आणि डोंगरी सायकलींच्या मधला प्रकार) आणि ३२ मिलिमीटरच्या आसपासचे टायर पुरेसे आहेत. मापाची फ्रेम मात्र आग्रहाने घ्यावी, आणि उरलेला पैसा चांगल्या पॅडेड शॉर्ट्सवर खर्च करावा.

उत्तर (नांदेड, फिजिओथेरपिस्ट)

वरील सल्ल्यास एक महत्त्वाची जोड देते. सायकलमुळे आदळ टळते, पण आयटी बँडचा त्रास आपोआप टळत नाही. गुडघा साधारण ३० अंशांत वाकलेला असताना हा पट्टा सर्वाधिक दाबला जातो, आणि मिनिटाला ८५ फेऱ्या धरल्या तर प्रत्येक गुडघा तासाला ५,१०० वेळा वाकतो आणि सरळ होतो. त्यामुळे सीटची उंची हा आपल्यासाठी सर्वांत कळीचा प्रश्न आहे. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी आणि पेडल सर्वांत खाली न्यावे. त्या वेळी पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. सीट फार उंच किंवा फार मागे असेल तर बाहेरची बाजू दुखते, फार खाली असेल तर गुडघ्याची वाटी दुखते. बूट पेडलला अडकवणारे क्लीट सध्या टाळावेत; सपाट पेडलवर पाऊल आपला कोन स्वतः शोधते.

नितंबाच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम सोडू नयेत, कारण मूळ कमजोरी बहुधा तेथेच असते. सायकलिंगने हाडांवर भार पडत नाही, म्हणून चालणे आणि वजनाचे व्यायाम चालूच ठेवावेत.

उत्तर (बीड)

आपल्या भागापुरते सांगतो. रस्त्याच्या कडेला सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे असल्याने दोन ट्यूब, पॅच आणि पंप यांशिवाय बाहेर पडू नये, आणि पंक्चर घरीच काढून सराव करावा. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्री अनेकदा मागच्या दिव्याविना चालतात. ब्रेव्हेसाठी पुढचा व मागचा दिवा, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि हेल्मेट लागतातच, पण सरावातही ते वापरावेत. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी घरी यावे.

प्रथम औशापर्यंत जाऊन परत यावे. ते अंतर दुसऱ्या दिवशी अंगात जाणवेनासे झाले की उदगीरचा विचार करावा. भूक लागण्याची वाट न पाहता दर तासाला केळे, राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्की खावी, आणि उन्हात नुसते पाणी न पिता ओआरएस घ्यावे.

प्रश्नकर्ता (लातूर)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. वाटेत तीच जागा दुखू लागल्यास काय करावे?

उत्तर (नांदेड, फिजिओथेरपिस्ट)

हलक्या गिअरवर यावे, थांबून सीट दोन-तीन मिलिमीटर खाली घ्यावी आणि दहा मिनिटे पाहावे. दुखणे वाढत असेल तर तेथूनच वाहनाने परत यावे. त्या आठवड्यात अंतर निम्मे करावे आणि आपल्या फिजिओथेरपिस्टना सायकलसह भेटावे, कारण आपली बसण्याची ढब त्यांनी प्रत्यक्ष पाहणे आवश्यक आहे.