रोम टोटल वॉर: पलटणी मोडण्यासाठी हाऊस रूल सुचवा

पायउतार (धागाकर्ता)
संगणकावरचा युद्धाचा गेम, जुनाच, २००४ चा. ज्युली या रोमन घराण्याचं कॅम्पेन (मोहीम) चालू आहे. युद्ध संपलं की मी अर्धं सैन्य डिसबँड करतो (मोडतो), अपकीप म्हणजे दर टर्नचा (खेळीचा) पोसण्याचा खर्च वाचतो, तिजोरी फुगते. पुढचं युद्ध आलं की पुन्हा भरती. याची किंमत काहीच मोजावी लागत नाही. उलट शहरात डिसबँड केलं तर माणसं लोकसंख्येत परत जमा होतात! आता इम्पीरियल पॅलेस होत आलाय, म्हणजे रोमन सेनापती मारियसच्या सैन्यसुधारणा येणार आणि हस्ताती, प्रिन्सिपेस, त्रिआरी या जुन्या पायदळांपैकी सगळ्यांची भरती बंद. एका टर्नमध्ये जुने सगळे मोडून नवे लीजनरी (लीजन या रोमन पलटणीतले सैनिक) घेणं सोपं आहे, पण पटत नाही.
दोन-तीन हाऊस रूल, म्हणजे स्वतःच स्वतःवर घालायचे नियम, सुचवा. अटी: मॉड (गेम बदलणारी जोडणी) नको, वही किंवा एक्सेल नको.

तोफखाना
मॉड टाका. युरोपा बार्बरोरम. मूळ गेम आता कोण खेळतं?

हिशोबनीस
मी हे एक्सेलमध्येच करतो. रोमन सम्राट ऑगस्टसच्या शेवटच्या काळात लीजनरीची नोकरी २० वर्षांची होती. गेममध्ये वर्षाला दोन टर्न, म्हणजे ४० टर्न. प्रत्येक युनिटची (तुकडीची) भरतीची टर्न एका रकान्यात लिहायची, ४० झाल्या की ओळ आपोआप लाल होते. त्याआधी डिसबँड बंद. निवृत्तीला माणशी ३,००० दिनारी मिळत. त्यासाठी इ.स. ६ मध्ये वेगळा लष्करी खजिना काढला आणि वारसाहक्कावर ५ टक्के, लिलावावर १ टक्का कर बसवला. तोही रकाना आहे माझ्याकडे. शीट हवी असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा.

पायउतार
हिशोबनीस, माहिती झकास आहे, पण "एक्सेल नको" वर लिहिलंय हो.

जुनं खोड
सिव्हिलायझेशन २ या गेममध्ये हा प्रश्नच नव्हता. शहरात युनिट मोडलं की त्याच्या अर्ध्या ढाली (त्या गेममधलं उत्पादनाचं माप) चालू बांधकामात जमा. स्वच्छ हिशोब. नंतरच्या सगळ्या गेमांनी नुसती चित्रं सुंदर केली.

पागेवाला
आपल्याकडचंच, मराठी फौजेचं उदाहरण घ्या ना. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. माणूस घरी गेला तरी घोडा पागेत राहतो. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार त्याचं स्वतःचं, तो गेला की सगळं घेऊन गेला. यावरून मी दोन वर्ग पाडलेत. आपल्या बरॅकमध्ये भरती केलेलं युनिट ज्या प्रांतात उभं केलं तिथल्या शहरात चालत नेऊनच मोडायचं. गॉलमधून इटलीत यायला जितक्या टर्न लागतील तितक्या लागू देत, तेवढा अपकीप भरा. भाडोत्री मात्र शिलेदार, त्यांना कुठेही निरोप द्या.

तळटीप
पागेवाले, उपमा उलटी बसते. मारियसच्या आधीचा रोमन सैनिक मालमत्ता असलेला शेतकरी आणि हत्यारं बहुतांशी स्वतःची. म्हणजे तुमचे हस्तातीच शिलेदार झाले! आणि "मारियसच्या सुधारणा" हे एका झटक्यात झालेलं प्रकरण होतं हे आजचे बरेच इतिहासकार मानत नाहीत. इ.स.पू. १०७ मध्ये त्याने मालमत्ता नसलेल्यांना भरती केलं हे खरं. बाकीचं गाठोडं त्याच्या नावावर नंतर बांधलं गेलं.

पागेवाला
गेममध्ये इम्पीरियल पॅलेस बांधल्यावर मारियस जन्माला येतो. तिथे इतिहासकारांचं काय घेऊन बसलात?

कार्थेजचा जावई
भाडोत्र्यांना कुठेही निरोप द्या म्हणे! रोमविरुद्धचं पहिलं प्युनिक युद्ध संपल्यावर कार्थेजने काय केलं ते वाचा. सिसिलीतला अधिकारी गिस्को शहाणा होता, तो भाडोत्र्यांना लहान लहान तुकड्यांनी पाठवत होता, म्हणजे एकेकाचा पगार चुकता करून त्यांना घरी धाडता येईल. कार्थेजने त्यांना साठू दिलं, मग सगळ्यांना मिळून सिक्का गावी पाठवलं आणि वर पगारात घासाघीस सुरू केली. इ.स.पू. २४१ मध्ये बंड पेटलं आणि शहर जेमतेम वाचलं.
म्हणून माझे नियम: एका टर्नला एकच युनिट मोडायचं, आणि भाडोत्री असेल तर दोन टर्नचा अपकीप आधी तिजोरीतून काढायचा. कन्सोलवर (गेममध्ये आज्ञा लिहायच्या चौकटीत) ॲड मनी लिहून पुढे ऋण आकडा दिला की पैसे वजा होतात. कन्सोल नको असेल तर दूत पाठवून दुसऱ्या राज्याला भेट द्या. आमच्या ग्रुपमधल्या एकाने हा नियम धुडकावून एका टर्नला सगळे भाडोत्री काढले, आणि पुढच्याच टर्नला गॉल दारात. तो अजून एआयला शिव्या देतो.

शिपाईगडी
माझ्या मते युनिट जिथे भरती केलं त्याच प्रांतात नेऊन मोडावं. बरं पडतं.

पागेवाला
हेच मी वर लिहिलंय.

शिपाईगडी
हो, अनुमोदनच देत होतो.

सरदार_मेडिव्हल
मी याच मालिकेतला मेडिव्हल २ खेळतो, व्हेरी हार्डवर. आजवर एकही युनिट डिसबँड केलेलं नाही. शहरात मिलिशिया (शहराची शिबंदी) फुकट पोसली जाते. ज्याला नियोजन जमतं त्याला मोडावं लागत नाही.

जुनं खोड
मेडिव्हलमध्ये भरती करून लोकसंख्याच घटत नाही. तिथे नियोजन कसलं डोंबल्याचं?

वसाहतवाला
शेतकऱ्यांची युनिटं मोठ्या शहरात भरती करून लहान गावात मोडायची, ही चलाखी सगळ्यांना ठाऊक आहे. मोठ्या शहरातली गर्दी आणि असंतोष कमी, लहान गाव पुढच्या पायरीवर. ऑनलाइन लोक याला चीटिंग म्हणतात, त्याचा मला राग येतो. रोमने तेच केलं, फक्त शेतकऱ्यांऐवजी निवृत्त सैनिकांना घेऊन. इ.स.पू. २५ मध्ये एमेरिता ऑगस्टा, आजचं स्पेनमधलं मेरिदा, पाचव्या आणि दहाव्या लीजनच्या निवृत्तांसाठीच वसवलं. ॲक्टियमच्या लढाईनंतर साठच्या आसपास लीजन होत्या, त्या २८ वर आणल्या. एवढी माणसं ठेवायची कुठे? जमिनी देऊनच.
म्हणून शेतकरी अजिबात मोडायचे नाहीत. चांदीचं किंवा सोन्याचं शेव्हरॉन (अनुभवाची खूण) असलेलं युनिटच मोडायचं आणि तेही नव्याने जिंकलेल्या गावातच. वही लागत नाही, शेव्हरॉन कार्डावरच दिसतं. धागाकर्त्याच्या अटीत बसणारा आत्तापर्यंतचा एकमेव नियम, असं मी नम्रपणे नमूद करतो.

तळटीप
नियम चांगला आहे. पण शेव्हरॉन म्हणजे वय नव्हे. एकाच मोठ्या लढाईत कोवळं युनिटही चांदी मिळवतं, आणि दोन युनिटं एकत्र केली की अनुभवाची सरासरी निघते.

पायउतार
सगळ्यांचे आभार. वसाहतीचा नियम जवळजवळ घेतलाच होता. पण मग लक्षात आलं की असा नियम केला की मी पळवाट शोधणार. सोनं चढावं म्हणून युनिट मुद्दाम बंडखोरांवर सोडणार.
त्यामुळे मी डिसबँडच्या बटणाला हातच लावणार नाही. सुधारणा आल्या की हस्ताती, प्रिन्सिपेस ऱ्हाइनच्या बाजूला किल्ले बांधून तिथे ठेवतो. त्यांचं रिट्रेन (कमी झालेली माणसं भरून घेणं) होणार नाही, लढाईगणिक कमी होत जातील. अपकीप भरत राहीन. भाडोत्री घेणंच बंद.

वसाहतवाला
म्हणजे एवढं लिहून घेतलं ते कशाला?

हिशोबनीस
किल्ल्यांतल्या सैन्याचा अपकीप चाळीस टर्न धरून मांडून बघा एकदा. दिवाळखोरी आहे.

कार्थेजचा जावई
दुसऱ्याचा पगार थकवून किल्ल्यात ठेवणं, हे कार्थेजलाही सुचलं नव्हतं.

पायउतार
पगार थकवणार नाही. भरणार आहे.

नवखा_स्वार
धागा थोडा पळवतो, क्षमस्व. मेडिव्हल २ मध्ये क्रुसेडवर (धर्मयुद्धाच्या मोहिमेवर) असताना सैन्याला अपकीप लागत नाही, म्हणून मी मोठी फौज जमवली. जेरुसलेम पडलं, क्रुसेड संपली आणि सगळ्यांचा अपकीप एकदम सुरू झाला. तिजोरी लाल झालीय. तिथेच मोडू की परत आणू? कृपया लवकर सांगा, एंड टर्न दाबलेलं नाही.