बीजाणू न बघता स्पायरोगायराची जात सांगावी का?

तळेकाठ:
तलावांच्या जैवविविधतेच्या याद्या वाचताना हे फार खटकतं. 'स्पायरोगायरा' या तंतुमय हिरव्या शेवाळाच्या नावापुढे बिनदिक्कत जातीचं नाव ठोकलेलं आणि फोटोत नुसते हिरवे तंतू. हरितलवकाच्या गुंडाळ्या किती, पेशीची रुंदी किती, आडवी भिंत सपाट की घडी पडलेली, एवढ्यावर चारेकशे जातींतून एक उचलता येत नाही. संयुग्मन (दोन पेशींचं मीलन) दोन तंतूंमध्ये शिडीसारखं आहे की एकाच तंतूतल्या शेजारच्या पेशींत? त्यातून बनणाऱ्या बीजाणूचा, म्हणजे झायगोस्पोरचा, आकार कसा, मधल्या आवरणावर नक्षी आहे का? शैवालतज्ज्ञ रंधाव्यांनी या कुळावरच्या १९५९च्या 'झिग्नेमॅसी' ग्रंथात याच लक्षणांवर भर दिलाय. ती दिसली नाहीत तर प्रजातीपाशी (जीनस, म्हणजे नुसतं 'स्पायरोगायरा') थांबा.

चिखलपाय:
असहमत. वर्षातला बराच काळ हे तंतू नुसते वाढतात, तुटतात, तुकड्यांतून पुन्हा वाढतात. बीजाणूंची वाट बघत बसलो तर यादी व्हायची कधी? 'अमुक जातीच्या जवळची' असं लिहून रुंदी आणि गुंडाळ्यांचा आकडा दिला की पुढचा माणूस पडताळू शकतो.

तळेकाठ:
आकडे द्या ना, नाव कशाला? एकदा छापलं की पुढच्या प्रबंधात 'जवळची' गळून पडतं आणि ती जात त्या तलावात कायमची राहायला येते.

शिडीजोड:
रुंदीवर दोघांचाही भरवसा जरा जास्तच दिसतोय. होशॉ, मॅककोर्ट वगैरे संशोधकांनी १९८५मध्ये स्पायरोगायरा कम्युनिसच्या क्लोनमध्येच, म्हणजे एकाच मूळ तंतूपासून वाढवलेल्या शेवाळात, वेगवेगळ्या रुंदीचे तंतू तयार होताना दाखवले. गुणसूत्रांचे संच वाढले की पेशी रुंद होते. जुन्या पद्धतीने त्यांना वेगळ्या जाती म्हटलं गेलं असतं. डीएनए बघा, वाद मिटेल.

चिखलपाय:
कसला मिटतोय! डीएनए जुळवणार जीनबँक या डीएनए-संग्रहातल्या नोंदींशी, आणि त्यांवरची नावं कुणीतरी सूक्ष्मदर्शकातून बघूनच दिलेली. शिवाय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत त्याचे पैसे कोण देणार?

काचपट्टी:
अहो, जातीचं राहू द्या, इथे प्रजातीच चुकतात. आधी शेवाळ चिमटीत धरून बघा. बुळबुळीत, निसटतं असेल तर बहुधा स्पायरोगायरा किंवा तिचे भाऊबंद. खरखरीत लागलं तर क्लॅडोफोरा, पिथोफोरा. काही पेशींच्या टोकाशी एकावर एक बारीक आडव्या रेघा दिसल्या तर इडोगोनियम. मग आयोडीनचा थेंब टाका, पायरेनॉइड (हरितलवकातले स्टार्च साठवणारे ठिपके) ठळक होतात आणि गुंडाळ्या मोजणं सोपं जातं. बाकी तळेकाठ यांच्याशी सहमत.

चिखलपाय:
माझ्या यादीत 'जवळची' राहणारच. डबकं आटताना बीजाणू मिळाले तर दुरुस्ती करेन.

तळेकाठ:
आणि नाही मिळाले तर?